शब्द माझेच

वाक्याच्या मधोमध कंपोझिटरचा हात थांबला. हेडमास्तरांच्या नव्या पुस्तकाचं पान तो जुळवत होता, आणि समोरच्या कागदावर लिहिलं होतं: ‘जो जन्मतः बहिरा, त्याच्या मनात विचार उपजत नाही, कारण शब्दच त्याच्या कानी पडलेला नसतो.’

कंपोझिटर जन्मतः बहिरा होता. एकोणीस वर्षं तो याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होता. त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि एकेक खिळा उचलून जसंच्या तसं जुळवलं. काम ते काम. पुढच्या ओळीत मात्र हेडमास्तरांचं व्याकरण घसरलं होतं. तिथे त्यानं कागदाच्या समासात खूण करून बरोबर रूप लिहून दिलं. विचार उपजत नसला, तरी विभक्ती कळत होती.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो लिहायला बसू लागला. थोरल्या बहिणीनं लहानपणी त्याला अक्षरं शिकवली होती. दोघांनी मिळून हातांची एक भाषाही जमवली होती, भांडणापासून चहाड्यांपर्यंत सगळं भागेल अशी. ते त्यानं लिहिलं. समोरच्या गल्लीतली बहिरी शिवणवाली आणि तो भर रहदारीत रस्त्याच्या दोन कडांना उभं राहून गप्पा कशा मारतात, तेही लिहिलं. एके ठिकाणी लिहिलं, ‘आमच्यापैकी कुणी आधी लिहिलेलं मला सापडलं नाही. लिहिलंच नसेल असं नव्हे. कुणी जपलं नसेल.’

आठ महिन्यांनी त्यानं वही मालकापुढे ठेवली. मालकानं डोकं खाजवलं आणि ती हेडमास्तरांकडे धाडली. हेडमास्तरांनी भावाबहिणीला शाळेत बोलावलं.

“लिहिलंय झकास,” ते बहिणीला म्हणाले. “पण बाई, खरं कोण मानेल? पहिल्या पानावर मी माझं नाव घातलंय. ‘एका बहिऱ्याची हकिकत, शब्द हेडमास्तरांचे.’ हातोहात खपेल.”

बहिणीनं ते हातांनी सांगितलं आणि शेवटी आपलंही जोडलं, “हो म्हण रे. पुस्तक निघतंय हे काय थोडं झालं? नाव काय चाटायचंय?”

“शब्द त्यांचे म्हटले, की त्यांचंच वाक्य खरं ठरतं,” त्याचे हात म्हणाले. “आणि उद्या आमच्यातलं कुणी शोधत आलं, तर त्याला पुन्हा एक हेडमास्तरच सापडेल.”

बहिणीनं ते हेडमास्तरांना ऐकवलं. एक शब्दही गाळला नाही.

हेडमास्तर लालबुंद झाले. “असं? मग बसू द्या त्याला इथं. मी विषय देतो, माझ्यादेखत लिहू दे. तुम्ही बाहेर थांबा, बाई.” आणि त्यांनी पाटीवर लिहिलं: घंटा.

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भावानं कागद पुढे ओढला होता, म्हणून ती मुकाट बाहेर गेली.

त्यानं लिहिलं: ‘घंटा मला पायांतून कळते, फरशी किंचित शहारते. ती दिसतेही. पोरांच्या माना दाराकडे वळतात आणि मास्तरांचे खांदे सैल पडतात. सुट्टी फक्त आपल्यालाच हवी असते, असं पोरांना उगाच वाटतं.’

हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. वाचता वाचता नकळत आपले खांदे ताठ केले, आणि तसं केल्याचं लक्षात येऊन त्यांना हसू फुटलं. माफी त्यांनी मागितली नाही. वहीच्या पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव तेवढं खोडलं आणि दार उघडून बहिणीला म्हणाले, “मालकाला म्हणावं, यात काना-मात्रा बदलू नका.”

पुस्तक निघालं. खिळे अर्थात त्यानंच जुळवले. पहिली प्रत घेऊन दोघं वाचनालयात गेली. ग्रंथपालानं नोंदवही उघडली, पुस्तकावरचं अनोळखी नाव वाचलं आणि बहिणीकडे वळून विचारलं, “हे लेखक कोण?”

बहिणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मभर ती त्याच्या वतीनं बोलत आली होती. दुकानात, दवाखान्यात, आईच्या शेवटच्या आजारात. ती दोन पावलं मागे सरली.

“त्यालाच विचारा,” ती म्हणाली.

ग्रंथपाल घोटाळला. मग त्यानं नोंदवही फिरवून कंपोझिटरपुढे सरकवली आणि लेखकाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. कंपोझिटर वाकून आपलं नाव लिहू लागला, सावकाश, ठळक.

बहीण खिडकीपाशी उभी होती. आपल्या हातांचं आता काय करावं, हे तिला उमगेना. शेवटी तिनं ते एकमेकांत घट्ट धरून ठेवले.