पुठ्ठ्याचा जिना

आमच्या आत्याच्या कारखान्यात जिना करवतीने सुरू होत नाही, डोळे मिटून सुरू होतो. ग्राहक जागा दाखवून गेला की आत्या आम्हा सगळ्यांना भुशावर बसवते. "मिटा डोळे. दिसला का जिना?" ज्याला दिसला नाही त्याने त्या कामाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा.

मला पंधरा वर्षांत एकदाही दिसला नाही. जिना सोडा, डोळे मिटल्यावर मला साधी खुर्ची दिसत नाही. नुसता काळोख आणि पायाला आलेल्या मुंग्या. लोकांना खरोखर चित्रं दिसतात हे कळायला मला विशी उलटून इथे कामाला यावं लागलं. मग मी सरळ थापा मारायला लागले. "दिसला, आत्या. झकास आहे." आणि घरी जाऊन पुठ्ठा कापत बसायची. पुठ्ठ्याचा जिना हातात आला की मला सुचायला लागतं. त्याआधी माझं डोकं म्हणजे रिकामा डबा.

आत्याच्या मुलाचं उलट. त्याला कठड्यावरची नक्षी दिसते, नक्षीवर पडलेलं ऊनसुद्धा दिसतं. कारागीर त्याला बघ्या म्हणतात, कारण एवढं सगळं बघून झाल्यावर करवत उचलायचं त्राण त्याच्यात उरत नाही.

यंदा आत्याची नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले, वर्ष निघालं तर नशीब. आत्याने कानामागची चपटी लाल पेन्सिल काढली आणि बघ्याच्या नि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "पुस्तकाच्या दुकानात माळ्यावर जायचा जिना करायचाय. ज्याचा जिना बरा, त्याची पेन्सिल आणि त्याचाच कारखाना. दुसऱ्याने त्याच्या हाताखाली राबायचं."

बघ्याच्या हाताखाली! त्यापेक्षा मी भुसा खाल्ला असता.

बघ्याने चित्र काढून, मापं टाकून भिंतीवर लावलं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं. दुसऱ्या दिवशी आत्याने ते उतरवलं, नाकाला टेकेपर्यंत जवळ नेलं, मग लांब धरलं. तिला ते दिसत नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी बघ्यानेच तिला दहा मिनिटं वर्णन करून सांगितलं. "हं, आता आला डोळ्यांपुढे," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुला कसा दिसला गं?"

"काहीच दिसला नाही, आत्या," माझ्या तोंडून निघून गेलं. "कधीच दिसत नाही. पंधरा वर्षं मी थापा मारतेय."

करवती थांबल्या. आता बोललेच आहे तर होऊन जाऊ दे, म्हणून मी घरून आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. "यात दुकानाचा माळा आहे आणि दोन जिने आहेत. एक माझा, एक ह्याचा. पुठ्ठ्यात केल्याशिवाय मला ह्याचं चित्र कळेना. आणि ही खुंटी म्हणजे माणूस, त्याच मापात कापलेला."

आत्याने बघ्याचा जिना चाचपला आणि खुंटी एकेक पायरी चढवायला लागली. आठव्या पायरीवर टक् झालं.

"हे काय आलं मध्येच?"

"माळ्याची तुळई," मी म्हणाले.

"डोकं आपटलं की रे ह्याचं!"

"माझ्या डोळ्यांसमोर तर कुणाचंच आपटत नाही," बघ्या म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांसमोर चढतं कोण?"

बघ्याने प्रामाणिकपणे डोळे मिटले, नीट बघितलं. "कोणीच नाही गं, आई."

सगळे हसले, तोही हसला. मग आत्याने माझा जिना घेतला. दिसायला तो शिडीचा सावत्र भाऊ होता, पण खुंटी न अडखळता माळ्यावर पोचली.

"कठडा ह्याला करू दे," आत्या म्हणाली. "शोभा त्याला कळते." पण पेन्सिल काही तिने उचलली नाही. खुंटी मुठीत घट्ट धरून बसून राहिली. "मला वाटलं होतं, डोळे गेले की संपलं. अंधारात कसलं आलंय काम?"

"मी करतेच आहे की," मी म्हणाले. "तुझ्याच कारखान्यात. तुलाही शिकवेन."

आत्याचा हात हवेत चाचपडत माझ्या खांद्यावर आला, मानेवर आला, कानाशी थांबला. "आणि पंधरा वर्षं मला थापा मारल्यास, त्याचं काय?" असं म्हणत तिने कान असा पिळला की डोळ्यांत पाणी आलं. मग टेबलावर हात फिरवून तिने पेन्सिल शोधली आणि त्याच कानामागे खोचली.