पेटीतला सासरा

"बूट बाहेर काढा! पुढच्यांनी खाली बसा गं!"

किर्गिझस्तानातल्या नारीन गावी उपेल म्हातारीच्या घरात भर दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. गालिच्यावर दाटीनं बायका बसलेल्या आणि मधोमध झैनेप बुबू, झाडफूक करणारी, डोळे मिटून घुमत होती.

"ये, बाबा, ये! वरच्या कुरणातून खाली ये! तुझं घर तुला बोलावतंय!"

दिवा लुकलुकला. कुणी हात न लावता किटली खदखदू लागली. आणि कपाटावरच्या बोलक्या पेटीतून दोन वर्षांपूर्वी वारलेला उपेलचा म्हातारा बोलला, "उपेल, ही सून घरात आहे तोवर मला शांती नाही."

बायकांनी गळे काढले. सून बुरुलचा दाराबाहेर बर्फात उभी होती. सात वर्षांत मूल झालं नाही, म्हणून आत्म्याच्या हुकमानं ती महिनाभर गोठ्यात झोपत होती. थंडीनं पायाची दोन बोटं काळी पडली होती.

पेटी, दिवा, किटली, सगळं तिच्या नवऱ्यानं बसवलेलं. मेदेर राजधानीत, बिश्केकला नोकरीला होता. आईला तो आपा म्हणे. "आपाला उठबस नको आणि तुलाही जरा आराम," असं म्हणून त्यानं मोबाईलवर चालणारं सारं घर मांडून दिलं होतं.

परवा बर्फानं इंटरनेटची तार तुटली. वीज चालू होती, पण आत्मा आला नाही. "रुसलाय," बुबू म्हणाली. तार जोडली आणि रुसवा गेला. तेव्हापासून बुरुलचाच्या डोक्यात ते घोळत होतं.

ती आत शिरली.

"अगं, विटाळ करशील!" बुबू ओरडली.

"आज रात्रीच तिला हाकलून द्या, नाहीतर या घराचा..." म्हातारा गरजत होता. बुरुलचानं इंटरनेटच्या डबीची पिन उपटली. गर्जना अर्ध्या शब्दावर मेली.

तेवढ्यात उपेलचा फोन वाजला. तिला कमी ऐकू येई, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"आपा, नेट कुणी काढलं? लगेच लाव! आणि बुबूला सांग, तोवर घुमत राहा म्हणावं!"

मेदेरचाच आवाज. मागून एक तरुण बाई हसत विचारत होती, "गेली का ती?"

बुबूनं ओढणी सावरत दार गाठलं. लग्नाच्या जुन्या चित्रफितीतून बापाचा आवाज उचलून संगणकाकडून मेदेरनं हवे ते शब्द वदवले होते. दिवा आणि किटली तो बिश्केकहून मोबाईलवर बोटानं चालवायचा.

उपेल सुनेकडे न बघता म्हणाली, "पिन लाव गं. खोटा का असेना, त्यांचा आवाज आहे."

बुरुलचानं पिन खिशात टाकली आणि बूट चढवले.

"आपा, आवाज त्यांचा होता, जीभ तुमच्या लेकाची. आणि तुम्ही सगळ्याजणी माझे पाय रोज बघत होतात. आत्मा बोलतो म्हटल्यावर एकीनं तरी उठून तार कुठं जाते ते बघायचं होतं. तेवढ्यानं माझी बोटं वाचली असती."

ती लंगडत दवाखान्याची वाट चालू लागली. सोबतीला एकही बाई उठली नाही.