जाळ्याची गाठ

सून झाली म्हणून काय देवाच्या दोऱ्याला कातर लावायची? मासळी बाजारात टोपली उतरवता उतरवताच मथुराबाईने शेजारच्या सावित्रीकडे गाऱ्हाणे मांडले. "नातवाच्या गळ्यातलो काळो दोरो कापल्यान गो तिना. अंगणवाडीची बाय सांगता, गळ्यात काय नको. आमी काय पोरां वाढवूक नाय?"

सुनेने, अनुजाने, तो दोनदा कापला होता. भांडली नाही, कापून देवापुढे ठेवला, एवढेच. तिच्या त्या न भांडण्याचाच मथुराबाईला जास्त राग. म्हणून या खेपेला तिने सुती दोरा घेतलाच नाही. जाळ्याचे काळे नायलॉनचे सूत घेतले आणि जाळे विणताना मारतात तशी गाठ मारली. ती भरल्या जाळ्याच्या ओढीनेही सरकत नाही. वरून झबले घातले, की सुनेला दिसायला नको.

दुपारी अनुजा विहिरीवर कपडे धूत होती. मथुराबाई मागच्या पडवीत बांगडे साफ करीत होती. नातू निकेत नुकताच खाटेला धरून उभा राहायला शिकला होता. आतून त्याची बडबड ऐकू येत होती. मग येईनाशी झाली. झोपला असेल, म्हणून तिने आणखी एक बांगडा हातात घेतला.

आत गेली तेव्हा झबल्याबाहेर आलेला दोरा खाटेच्या खांबाला अडकला होता आणि पाय घसरलेले पोर त्यावर लोंबत होते. ओठ निळे. तिने त्याला उचलून धरले, पण सूत पिळून मानेत रुतले होते. नखे लावली, दात लावले. गाठ तिचीच, सुटेना.

"अनुजा गो, कातर!"

अनुजा ओल्या हातांनी धावत आली, फळीवरची कातर ओढली आणि सूत कापले. निकेत आधी गप्पच, मग रडला.

डॉक्टरांना दाखवून संध्याकाळी घरी आणले. मानेवर लाल वळ होता. सावित्री बघायला आली. "दोरो होतो म्हणान देवान राखल्यान," ती म्हणाली.

अनुजा पोराला घेऊन खाली बघत बसली होती. आताही भांडली नाही. मथुराबाईने सावित्रीला नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागले असते. तिच्या बोटांना अजून बांगड्याचा वास होता.

"तू गप रव, सावित्री," ती म्हणाली आणि सुनेकडे वळली. "दोरो माझो, गाठय माझी. पोर गप झाला तरी मी बांगडो कापीत बसलंय. तू बरोबर होतंस. पण भांडाक व्हया होता गो माझ्याशी. फुडे माझो हात ह्येच्या गळ्याकडे गेलो, तर दोरो मागसून काप. आधी माका अडव."