चांगली पेटीही उघडून बघा

"महाराज, तुम्ही फसवलं!"

पिंपळगाव बसवंतला, द्राक्षांच्या पॅकहाऊसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे माना एकदम वळल्या. ओरडणारा होता गोरक्ष नावाचा टेम्पोवाला. "दसऱ्याला म्हनलात, पोरगा मिल्ट्रीत भरती होनार. दोनदा पळाला, दोन्ही टायमाला बाहेर काढला!"

वहीवाले महाराज रागावले नाहीत. गोड हसले. त्यांच्या शिष्याने, जयरामने, मखमलीत गुंडाळलेली लाल वही पुढे केली. महाराजांनी पान शोधून वही गोरक्षच्या हातात दिली.

"वाच. मोठ्यानं."

"गोरक्ष... मुलगा... भरती होणार नाही." खाली दसऱ्याची तारीख!

"त्या दिवशी तुझी आई शेजारी होती. म्हातारीचं काळीज फुटलं असतं. म्हणून तोंडानं गोड बोललो आणि सत्य वहीत ठेवलं. जीभ माणसांसाठी, शाई विश्वासाठी!"

शेड टाळ्यांनी दणाणलं. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या शेजारी आत्याने हात जोडले. विश्वासाठीची शाई दहा रुपयांच्या जेल पेनातली होती, पण तिकडे बघतंय कोण?

आत्या म्हणजे प्राध्यापक उज्वला गांगुर्डे. नाशिकच्या एका कॉलेजात शिकवते आणि संशोधन करते. विषय, व्यवसाय-प्रक्रिया व्यवस्थापन. घाबरू नका, मीही घाबरले होते. एखादं काम कुठून सुरू होतं, कुणाकुणाच्या हातून जातं, कुठे अडकतं, हे चौकटी आणि बाण काढून शोधायचं, एवढंच. तिची पीएचडी पॅकहाऊसवर, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरून बाहेर पाठवतात त्या जागेवर आहे. दोन हंगाम ती घड्याळ घेऊन पेट्यांच्या मागे फिरली. तिथलंच तिचं एक वाक्य मला पाठ आहे : "तक्रार आलेल्याच पेट्या तपासल्या तर काही कळत नाही, वेदू. चांगल्या गेलेल्यांतल्याही चार उघडायच्या."

एवढी हुशार बाई! पण नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर, आणि असे सहा करार झालेले. यंदा कॉलेजने सांगून टाकलं, मेअखेर दोन पेपर जर्नलमध्ये पक्के झाले तर कायम करू, नाहीतर नमस्कार. त्याआधी तिचे चार पेपर परत आले होते. मग श्रावणात स्टाफरूममधल्या कुणीतरी तिला इथे आणलं. तिने पाठवलेल्या दोन नव्या पेपरांबद्दल विचारलं. महाराज म्हणाले, "पहिला छापून येईल. दुसरा परत येईल, त्याला हात लावू नकोस."

पहिला आला छापून! म्हणून आज आम्ही पेढे घेऊन आलो होतो.

"आणि दुसरा?" मी एसटीत विचारलं होतं.

"परत आला. सुधारणा करून पाठवा म्हणाले."

"म्हणजे नाकारला नाही ना!"

"महाराज म्हणाले होते हात लावू नकोस. सोमवारी मुदत संपली, मी नाही पाठवला." खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चार वेळा नाक कापलंय माझं. पाचव्यांदा नको."

आता शेडमध्ये टाळ्या थांबल्या आणि माझ्या डोक्यात पेट्या खडखडल्या. वही फक्त तक्रारवाल्याला दाखवतात! ज्याचं खरं ठरलं तो पेढे ठेवून जातो. त्याचं पान उघडतच नाही कुणी.

एरवी मी वर्गातसुद्धा हात वर करत नाही. आता सरळ उभी राहिले. "महाराज, आमच्या आत्याचं खरं झालं. तिच्या पानाचा फोटो काढू?"

"ज्याचं खरं झालं त्याला वही कशाला, बेटा? पेढे ठेव."

पण वही अजून गोरक्षकडेच होती. "काका, श्रावणातलं पान बघा ना. उज्वला गांगुर्डे!" भक्तीने तुडुंब भरलेल्या माणसाने जयराम पोचायच्या आत पान काढलं आणि खणखणीत वाचलं :

"उज्वला गांगुर्डे. पहिला पेपर, परत येणार. दुसरा पेपर, छापून येणार."

आत्याचे हात जोडलेलेच राहिले.

"उलटं लिहितात!" मी ओरडले. "तोंडाने एक, वहीत त्याच्या उलट! बोललेलं खरं ठरलं तर पेढे, खोटं ठरलं तर वही. मीसुद्धा सांगू शकते असं भविष्य!"

मला वाटलं, आता शेड पेटून उठणार. कसलं काय! महाराजांनी डोळे मिटले. "पहिला पेपर परतच येणार होता. मी इथे बसून निकाल फिरवला."

"आणि दुसरा? तो तर छापून येणार होता! त्याला हात लावू नको का म्हणालात?"

"त्यात तिचा घात होता. वाचवली."

पुन्हा टाळ्या. गोरक्ष मलाच म्हणाला, "पोरी, लय शिकलीस, पन मोठ्यांफुडं असं बोलू नाय." महाराजांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. माझ्याकडे फक्त एक वही होती, आणि तीही त्यांची.

जयरामने आम्हाला बाहेर काढलं. मागोमाग धोंडाबाई नावाची एक आजी आली. "माझ्या सुनंला ताप हाय, आठ दिस झालं. म्हाराज म्हनले, दवाखाना नको, बरी हुईल. वहीत काय लिवलं आसंल गं?"

"बरी होणार नाही, असं."

"म्हंजी त्याला बी ठावं नाय."

"नाहीच! आजी, तिला आजच दवाखान्यात न्या."

"नेते ना. पन नंबर आलाय माझा. यवढं इचारून येते." आणि ती आत गेली. मी फाटकाशी हाका मारत राहिले. ती काही बाहेर आली नाही, आणि आमची एसटी आली.

दुसऱ्या पेपरची मुदत वाढवून द्या, असा आत्याने एसटीतच जर्नलला मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं : मुदत संपली, नवा पेपर म्हणून पाठवावा. म्हणजे पुन्हा नऊ महिने. मे संपला, करार संपला. तिने कॉलेजातली पुस्तकं-वह्या दोन द्राक्षपेट्यांत भरून आणल्या. मी काहीच करू शकले नाही, पेट्या जिन्यावरून वर चढवण्याशिवाय.

त्यांतल्या एका वहीत तिने चित्र काढलं होतं. चौकट : महाराज बोलतात. चौकट : उलट लिहितात. मग प्रश्न : खरं ठरलं? "हो"चा बाण महाराजांकडे, "नाही"चाही महाराजांकडेच. खाली बारीक अक्षरात : "मी हे आधी का नाही काढलं?"

आत्यासारखी बाई फसते, तर तुम्ही-मीही फसू. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमचं भविष्य वहीत लिहिलं, तर ती वही त्याच दिवशी, तिथल्या तिथे उघडून बघायला मागा. दाखवली नाही तर उठा आणि घरी या. ताप असेल तर डॉक्टरकडे जा. आणि पेपर सुधारून मागितला असेल, तर सोमवारच्या आत पाठवा.