ज्याची माती त्याचा रिपोर्ट

टेबलावर मातीच्या चौदा पिशव्या होत्या. नऊ कापडी, चार प्लास्टिकच्या आणि एक युरियाच्या रिकाम्या गोणीचा कोपरा कापून सुतळीने बांधलेली. ती शेवटची विधीने बाजूला सरकवली; खताच्या गोणीतल्या मातीत खतच सापडणार. उरलेल्या तेरा पिशव्यांना चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर कुठल्या ना कुठल्या कृषी केंद्राचा शिक्का. सातांवर तिच्या वडिलांच्या दुकानाचा. शेतकऱ्याचा फोन नंबर एकाही चिठ्ठीवर नव्हता.

बाजारपेठेतली रीत तशीच होती. शेतकरी माती दुकानात द्यायचा, दुकान ती विधीच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रिपोर्ट परत दुकानात जायचा आणि त्यात काय लिहिलंय ते दुकानदार सांगायचा. बऱ्याचदा रिपोर्टपेक्षा मागे रचलेल्या गोण्यांकडे बघून सांगायचा.

“ताई, मना रिपोर्ट झाया का?”

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. हातात एस.टी.चं तिकीट अजून तसंच धरलेलं. भिकुबाई, भडगावकडची, पिशवी क्रमांक चार तिची होती.

“मावशी, रिपोर्ट दुकानात मिळतो,” रत्ना म्हणाली. रत्ना विधीबरोबर कॉलेजात होती आणि आता प्रयोगशाळेत भागीदार होती. तीही मूळची भडगावची.

“दुकानमा कशाले? माती मनी शे.”

रत्नाने विधीकडे पाहिलं. विधीने चार नंबरचा कागद काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

“नत्र कमी आहे, तेवढं द्या. पालाश पुरेसं आहे. स्फुरद भरपूर आहे, आणि डीएपी खतातून मुख्यतः तेच मिळतं. यंदा डीएपी टाकू नका.”

“शेठ तं म्हने, तीन गोण्या टाक.”

“कोणते शेठ?”

“रिखबचंद शेठ.”

विधीने पेनाला टोपण लावलं.

“ते माझे वडील. टाकू नका.”

भिकुबाई खळखळून हसली. “घरमाच भांडन शे का मंग! परत सांग बरं. मोबाइलमा भरी लेस. मना पोऱ्याले दखाडनं शे.”

विधीने पुन्हा वाचलं. तिच्या प्रत्येक वाक्यामागे रत्ना तेच अहिराणीत सांगत गेली. दोन मिनिटांचा व्हिडिओ झाला. तो प्रयोगशाळेच्या चॅनेलवर टाकला तर चालेल का, असं विधीने विचारलं.

“टाक ना. नाव बी टाक.”

चौथ्या दिवशी दुपारी रिखबचंद जिना चढून वर आले. प्रयोगशाळा त्यांच्याच गोदामावरच्या खोलीत होती. तरी ते सहसा वर येत नसत.

“बेटा, तो व्हिडिओ काढून टाक.”

“काय चुकलंय त्यात?”

“चुकलंय असं कुठे म्हणतोय मी? चुकलं असतं तर बरं होतं. माफी मागून मोकळी झाली असतीस.”

“मग?”

“मग काय! काल तिघं जण काउंटरवर फोन नाचवत आले. शेठ, तुमची पोरगीच नको म्हणते. अखिल समोरच्या त्याच्या कृषी केंद्रातून बघत होता. हसत होता.”

“पुढच्या आठवड्यात त्याच्या गिऱ्हाइकाचा वाचते. मग नाही हसणार.”

रत्ना काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

“ऐक,” रिखबचंद म्हणाले. “आता एकही दुकान पिशवी पाठवणार नाही. मीसुद्धा नाही. काल सगळ्या दुकानदारांनी बसून ठरवलं.”

“तुम्ही होतात तिथे?”

“चहा माझ्याकडेच होता.”

विधीने हातातली काचनळी उजेडात धरली, पुसली आणि पुन्हा धरली. ती आधीच स्वच्छ होती.

“व्हिडिओ राहील, पप्पा. आणि आजपासून रिपोर्ट ज्याची माती त्याच्या हातात.”

“आणि यंत्राचा हप्ता? तो काय व्हिडिओ भरणार?”

विधीने नळी स्टँडवर ठेवली. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही, एरवी लावत.

एप्रिल निम्मा सरेपर्यंत टेबल रिकामं झालं. माती तपासायची ती पेरणीच्या आधी. हा हंगाम असाच गेला असता तर यंत्र कंपनी घेऊन गेली असती आणि विधीला नाशिकची ती नोकरी धरावी लागली असती, जिला तिने दोनदा नाही म्हटलं होतं. खालून गोदामात गोण्या उतरवल्याचे धप्प आवाज येत. वर दोघी सोमवारी व्हिडिओ करत. बांधाजवळची माती घेऊ नका. झाडाखालची नको, उकिरड्याशेजारची नको. खड्डा कसा घ्यायचा, ढेकळं फोडून माती सावलीत कशी वाळवायची. रिपोर्टातला कोणता आकडा आधी बघायचा.

“सगळंच फुकट सांगून टाकतेस,” रत्ना म्हणाली. “आता आपल्याकडे काय तोंड बघायला येतील?”

पुढच्या व्हिडिओत विधीने सांगितलं, की गेल्या वर्षी ज्यांनी तपासणी केली त्यांना यंदा यायची गरज नाही. तोच रिपोर्ट चालेल. रत्नाने फोन खाली घेतला.

“हेही टाकू? ‘येऊ नका’ सांगणारं दुकान मी पहिल्यांदाच बघतेय.”

“टाक.”

त्यानंतरच्या गुरुवारी धुळ्याकडून एक जण मोटरसायकलवर आला. डिकीतून त्याने कापडी पिशवी काढली.

“कोणी पाठवलं, भाऊ?” रत्नाने विचारलं.

“व्याह्यांनी. तुमचा व्हिडिओ पाठवला आन म्हणे, ही पोरगी बापाचंबी ऐकत नाही. मातीचं खरं सांगेल.”

विधी मान खाली घालून पिशवीवर क्रमांक लिहीत होती. तिचे कान लाल झाले.

मग वरणगावच्या कारखान्यातला एक कामगार भावाच्या शेतातली माती घेऊन आला. त्याला भजनी मंडळाच्या ग्रुपवर कळलं होतं. एका बाईला नणंदेने पाठवलं होतं, नणंदेला माहेरच्या शेजारणीने. भडगावकडून येणारे बहुतेक जण भिकुबाईचं नाव सांगत. पिशव्या खिडकीच्या कट्ट्यावरही ठेवाव्या लागल्या. शिक्का एकीवरही नव्हता. चिठ्ठ्यांवर आता फोन नंबर होते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रिखबचंद पुन्हा वर आले. पुढे दोन माणसं होती. रत्नाने खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. दोघांमागे उभे राहिले. हातात पांढरी कापडी पिशवी होती.

त्यांची पाळी आली. रत्नाने विचारलं,

“कोणी पाठवलं, काका?”

“भिकुबाईनं.”

ते टेबलावरच्या तराजूकडे बघत होते.

“दुकानात आली होती. बियाणं घेतलं, खत नाही. वर मला म्हणते, शेठ, तुम्हनी वाडीनी माती कधी तपाशी का? सगळी गिऱ्हाइकं समोर.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” विधीने विचारलं.

“काय म्हणणार? लिंबाची बाग लावली तेव्हापासून दर वर्षी आपल्याच दुकानातलं डीएपी टाकतोय.”

विधीने पिशवी सोडली. माती सावलीत वाळवलेली होती, खडे वेचलेले होते. तिने वडिलांच्या हाताकडे पाहिलं. नखांत काळी माती होती.

“गड्याला सांगायचं ना.”

“तो बांधाजवळची घेऊन आला असता.”

रत्नाने फोन उचलला आणि आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. “काका, रेकॉर्ड करू?”

“आधीच सांगते,” विधी म्हणाली. “जे येईल ते मोठ्यानं वाचणार.”

“वाच की. मी काय घाबरतो?” त्यांनी शर्टचं वरचं बटण लावलं. “अखिल बघेल,” ते म्हणाले. आणि मग, “कर.”

विधीने माती वजन करून घेतली, द्रावण घातलं, यंत्रावर हलवायला लावलं. अर्धा तास रिखबचंद खिडकीपाशी उभे होते. गाळलेलं पाणी काचनळीत आलं तेव्हा ते जवळ आले.

“किती असलं म्हणजे पुरे?”

“स्फुरद हेक्टरी एकवीस किलोपर्यंत मध्यम. पस्तीसच्या पुढे अत्यंत जास्त.”

तिने शेवटचे थेंब टाकले. नळीतलं पाणी आधी फिकट, मग निळं झालं, आणि निळं होतच राहिलं. रिखबचंदांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“गडद म्हणजे काय?”

“थांबा. यंत्राला सांगू द्या.”

नळी आत गेली. आकडा आला. विधीने तो कागदावर उतरवला, गुणाकार केला, पुन्हा एकदा केला. मग कागद हातात धरून ती रत्नाच्या फोनकडे वळली.

“बाग लिंबाची. मालक रिखबचंद,” तिने वाचलं. “स्फुरद, हेक्टरी एकसष्ट किलो.”