देहरादूनला न गेलेलं नाव

सत्काराची शाल अंगावर घेऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहणं ही शिक्षाच असते, पण काढून ठेवली तर लोक म्हणतात म्हाताऱ्याला गर्व झाला. म्हणून मी बसलो होतो. नागपूरला मिहानकडचं एक हॉटेल, नोव्हेंबरातली सकाळ, आणि विदर्भातल्या जीआयएसवाल्यांचा वार्षिक मेळावा. जीआयएस म्हणजे काय ते मी माझ्या बायकोला एका वाक्यात सांगतो. जमिनीवरचं सगळं, घर, विहीर, नाला, रस्ता, कॉम्प्युटरात नकाशावर नकाशा ठेवून रचायचं. मला तिथे ‘ज्येष्ठ नकाशातज्ज्ञ’ म्हणून बोलावलं होतं. तज्ज्ञ कसला बाप्पा! तीस वर्षं एका सरकारी नकाशा ऑफिसात टेबल सांभाळलं आणि तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो, एवढंच.

अशा मेळाव्याला अर्धे लोक हजेरीच्या सर्टिफिकेटसाठी येतात आणि उरलेले जेवणासाठी. चार-पाच वेडे तेवढे शिकायला येतात. माझ्या ऑफिसातली वंदना काळबांडे त्या चार-पाचांतली. यंदा तिला पाच मिनिटं बोलायलाही मिळणार होती, जेवणाच्या आधी.

पण त्याच्या आधी अमोलचं भाषण होतं. अमोल आमच्याच ऑफिसातला, कधीकाळचा. आता हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे, सूटबूट घालून आला होता. उपग्रहाच्या फोटोतून कॉम्प्युटर आपोआप घरांची छपरं कशी ओळखतो ते त्यानं छान दाखवलं. शेवटी म्हणाला, “मी आज जो आहे तो देहरादूनच्या दोन महिन्यांच्या ट्रेनिंगमुळे. दोन हजार अकरा साली आमच्या ऑफिसातून एकच नाव गेलं होतं, माझं. भोयर सरांनी पाठवलं होतं.”

टाळ्या झाल्या. मी हात जोडले. मान वळवून मी सगळ्या रांगा पाहिल्या. वंदना नव्हती. ती हॉलबाहेर आपल्या पोरीला सोबत घेऊन पेन ड्राइव्ह लागतो की नाही ते पाहत होती. माझा जीव भांड्यात पडला.

आता ती गोष्ट सांगतो, आणि जशी झाली तशीच सांगतो, स्वतःला वाचवत नाही.

वंदना आमच्याकडे अनुरेखक होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवणारी. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा तेच काम माउसनं करू लागली. पण तिच्या हातात एक गोष्ट होती जी कोणाच्याच हातात नव्हती. दोन गावांचे नकाशे शेजारी ठेवले की त्यांच्या कडा जुळायला हव्यात ना? कधीच जुळत नाहीत. वंदना बसायची आणि जुळवायची. कुठला कागद आकसला, कुठल्या मोजणीदारानं उन्हाचा कंटाळा करून अंदाजे रेघ मारली, हे तिला नुसतं पाहून कळायचं. मी सेक्शनचा प्रमुख होतो आणि खरं सांगतो, मला कळायचं नाही.

त्या साली देहरादूनच्या ट्रेनिंगचं पत्र आलं. चाळीस वर्षांच्या आतल्या दोघांपर्यंत नावं पाठवा, निवड वरून होईल. वंदना अडतीसची होती. पत्र माझ्या टेबलावर आलं त्याच दिवशी ती येऊन उभी राहिली. “सर, माझं नाव पाठवान ना? घरी विचारलं मी. अदितीले माझी आई सांभाळते.” तिनं फॉर्म भरूनही आणला होता, हिरव्या फाइलीत, फोटोसकट.

मी म्हटलं, हो हो, पाठवतो. आणि एकट्या अमोलचं नाव पाठवलं.

काहून? लोकांना सांगायला माझ्याकडे कारण तयार होतं. पोरगी लहान, बारा वर्षांची, बाईमाणूस दोन महिने परमुलखात कशी राहील. तिच्या घरच्यांनी हो म्हटलं होतं, पण तिची काळजी मलाच फार! खरं कारण वेगळं होतं. मार्चअखेर तीन तालुक्यांचे नकाशे पुरे करून द्यायचे होते आणि कडा जुळवणारी ऑफिसात एकच होती. ती देहरादूनला गेली असती तर माझं काम कोण करणार होतं? अमोल नवीन होता, तो गेल्यानं काही अडणार नव्हतं. जो कामाचा नव्हता त्याला शिकायला पाठवलं आणि जी कामाची होती तिला कामाला ठेवलं.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा वंदनानं विचारलं, “सर, माझं नाव गेलं होतं ना?” मी समोरची फाइल वर-खाली करत म्हणालो, “गेलं होतं ना. पहिलं तुझंच होतं. वरून कापलं.” तिनं मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. त्या मार्चमध्ये तिन्ही तालुके पुरे झाले, मला शाबासकीचं पत्र मिळालं. अमोल ट्रेनिंग घेऊन दोन वर्षांत नोकरी सोडून गेला. ट्रेनिंग झालेल्यांनाच पुढची जागा, असा नियम निघाला आणि वंदना होती तिथेच राहिली. आज बावन्न वर्षांची आहे, पद अजून अनुरेखक.

तिचं नाव पुकारलं. मोरपंखी साडी, गळ्यात मेळाव्याचं कार्ड. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो कोणी खाली केला नाही, तिनं स्वतःच केला.

“हा नाला पाहा,” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “या गावाच्या कागदावर कडेपर्यंत आला आणि थांबला. बाजूच्या गावाच्या कागदावर वीस पावलं सरकून सुरू होते. नाला असा उडी मारत नाही. मंग चुकलं कोण, हा कागद का तो? ते कॉम्प्युटर सांगत नाही. तिथं जा लागते.”

आणि ती गेली होती. चार वर्षं, सुट्टीच्या दिवशी, सक्करदऱ्याहून स्कूटी काढून. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे जुन्या मोजणीचा दगड असतो. तो दगड झुडपातून शोधायचा, त्याच्यावर जीपीएस ठेवायचं आणि घरी येऊन त्या आधारानं नकाशे जुळवायचे. शहाऐंशी गावं तिनं अशी जोडली होती. पडद्यावर शहाऐंशी तुकड्यांचा एक अखंड नकाशा आला. त्यातून एक नाला कुठेही न तुटता वाहत गेला. मागच्या रांगेत मोबाइल पाहणारी पोरंसुद्धा मान वर करून पाहू लागली.

मला वाटलं, आता वेळ संपल्याची घंटी वाजावी. पण दीड मिनिट बाकी होतं.

“लोक विचारतात तुले शिकवलं कोण. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉम्प्युटरचा क्लास होते, तिथल्या पोरांनी शिकवलं, माझ्या पोरीच्या वयाची आहेत. पण त्याच्या आधी एक झालं. देहरादूनच्या ट्रेनिंगसाठी भोयर सरांनी माझं नाव पाठवलं होतं, पहिलं. वरून कापलं, ते जाऊ द्या. मी त्या दिवशी पोळ्या करता करता म्हटलं, सरांना वाटलं ना की ही शिकू शकते? मंग शिकू शकत असन. सर इथं बसले आहेत. सर, तुमचे उपकार आहेत.”

सगळा हॉल माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवू लागला. अमोल दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. त्याला कळलं होतं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण त्या लाजेच्या पाठोपाठ जे आलं ते भय होतं, आणि तीच माझी लायकी. अमोलचं तोंड म्हणजे आकाशवाणी! जेवताना तो तिला सांगणार, ताई, तुमचं नाव गेलंच नव्हतं. त्यानं सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं, निदान मोठ्या मनाचा तरी दिसेन. असा हिशेब करून मी उठलो. पण दारापर्यंत पोचेतो चार जणांना शालीसोबत फोटो हवे होते. वंदना मला सापडली तोवर निम्म्याहून जास्त ताटं वाढून झाली होती. ती पोस्टरं लावलेल्या गल्लीत एकटी उभी होती, पाण्याचा ग्लास हातात. चेहरा असा उजळला होता की मी तिला तसं कधीच पाहिलं नव्हतं.

“वंदना, मले एक सांगायचं आहे,” मी म्हणालो, आणि एका दमात सांगून टाकलं. नाव पाठवलंच नव्हतं, पहिलंही नाही आणि दुसरंही नाही. मार्चचं काम अडलं असतं म्हणून. वरून कोणी कापलं नाही. तुझा फॉर्म कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

ती ऐकत होती. ग्लास तिनं खिडकीत ठेवला, हळूच, आवाज न करता.

“आता काहून सांगून राहिले, सर?”

“अमोल बोलला असता म्हणून. त्यानं सकाळी स्टेजवर सांगितलं, एकच नाव गेलं होतं.”

“अमोल मघाशीच भेटला,” ती म्हणाली. “आपणहून आला. म्हणे, ताई, मी सकाळी चुकीचं बोललो, दोन नावं गेली होती, तुमचं वरचं होतं, मी कागद पाहिला होता. म्हंजे तो मन राखून गेला. तुमच्याच्यानं तेवढंही नाही झालं.”

मी माफ कर म्हटलं असावं.

“चौदा वर्षं झाली, सर. प्रमोशन नाही झालं, मी रडली नाही. नवीन पोरं येऊन माझ्या वर बसली, मी त्यांनाच काम शिकवलं. मनात एकच होतं, की एका माणसाले तरी वाटलं होतं. ते तरी राहू द्या लागत होतं माझ्याजवळ. तुम्हाले हलकं वाटलं असन आता. मले काय राहिलं?”

तेवढ्यात तिची अदिती आली. सव्वीस वर्षांची पोरगी, आईसारखीच ठेंगणी, दोन्ही हातांत दोन ताटं. नवीन नोकरीला लागली आहे, तीही नकाशांच्याच. मला पाहून तिनं ताटं टेबलावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी मागे सरकायच्या आत तिचा हात माझ्या पायाला लागला होता.

“सर, मी लहानपणापासून तुमची गोष्ट ऐकून राहिली,” ती हसत म्हणाली. “मले अभ्यासाचा कंटाळा आला की आई हेच सांगे, माझं नाव देहरादूनले गेलं होतं, पहिलं. मले वाटे, ही उगाच फेकून राहिली. खरंच गेलं होतं का?”

मी वंदनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. समोरच्या भिंतीवर तिच्याच नकाशाचं पोस्टर होतं, तिथे तिची नजर होती, आणि पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. दोन मिनिटांपूर्वी मी खरं बोलून मोकळा झालो होतो. ते मोकळेपण तिथल्या तिथे संपलं.

“गेलं होतं ना,” मी म्हणालो. “पहिलं नाव तिचंच होतं. मी माझ्या हातानं लिहिलं होतं.”

“पाहा!” अदिती आईला म्हणाली. “आणि मी म्हणत होती तू फेकते! चाल, सरांसोबत एक फोटो काढू.”

ती मोबाइल घेऊन मागे सरकली. वंदना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझी शाल एका खांद्यावरून घसरली होती, ती तिनं ओढून नीट केली, ऑफिसात कागदाच्या कडा जुळवायची तशी. मग पोरीकडे पाहून हसत, मला एकट्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आता हेच सांगत जा, सर. कोणीही विचारलं तरी.”