श्रावण पाळणारे गिनीपिग

बोंडअळी कपाशी खात होती आणि फवारणी माणसांना, त्या वर्षांतली गोष्ट. लोहाऱ्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात घनश्याम राठोड सर अ‍ॅलर्जीवर अडुळशाचा अर्क तपासत होते. रीत साधी होती. गिनीपिगला अंड्याचा पांढरा बलक टोचायचा, म्हणजे त्याच्या अंगाला अंड्याचं वैर जडतं. काही आठवड्यांनी पुन्हा तोच टोचला की जनावर लगेच धापा टाकतं. आधी अर्क पाजलेलं जनावर तगलं आणि नुसतं पाणी पाजलेलं धापलं, तर औषध खरं आणि सरांची पीएचडी पक्की.

पण पहिली सुई नेमकी श्रावणात आली. संस्थेचे अध्यक्ष खेमसिंगभाऊ मोठे धार्मिक. श्रावणात आवारात अंडं सापडलं की नोकरी गेलीच म्हणून समजा. सरांनी डोकं चालवलं आणि अंड्याऐवजी गाईचं दूध टोचलं. श्रावण सरला, भाऊंसमोर प्रात्यक्षिकाचा दिवस उगवला, आणि हार-मांडवाच्या धांदलीत सरांनी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे अंडं टोचलं.

अर्क पाजलेले गिनीपिग खुशाल गाजर खात बसले. टाळ्या पडल्या. नुसतं पाणी पाजलेलेही गाजरच खात बसले. तेव्हा सरांना चूक उमगली. दुधाशी वैर धरलेल्या जनावराला अंड्याचं काय होणार? सिद्ध काहीच झालं नव्हतं. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच भाऊ म्हणाले, "पाहा, आपल्या संस्थेच्या पाण्यातबी गुण हाय."

फवारणीवाल्यांना अर्क वाटायचं जाहीर करून भाऊंनी सरांच्या खांद्यावर शाल टाकली. सरांनी उघडलेलं तोंड हसण्यात खपवलं. लाज वाटायला हवी होती, पण मांडवात लाजेला जागा कुठली.

पहिली बाटली कौसल्याला मिळाली. ती तिथले पिंजरे झाडायची. तिचा मुलगा रवी फवारून आला की त्याचा गळा सुजायचा; मागल्या खेपेला तर श्वासच अडला होता. बाटली पदरात बांधून, औषध कसं द्यायचं ते विचारायला ती सरांच्या खोलीशी गेली.

शालीच्या लोकरीनं सरांच्या मानेवर गांधी उठल्या होत्या. एका हातानं खाजवत, दुसऱ्या हातानं ते मेडिकलमधली गोळी तोंडात टाकत होते. समोर टेबलावर अर्काच्या बाटल्या मांडलेल्या होत्या.

कौसल्या दारात थबकली. मग आत येऊन तिनं पदराची गाठ सोडली आणि आपली बाटली त्या बाटल्यांत नीट ठेवून दिली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही घेतली तेच गोळी माह्या रवीले द्या."